चोरीला गेलेले दोन महिने

सान आन्तोलीनमधल्या कोको वाळवायच्या खळ्यावर त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. बिया झाडून कडेला ढीग लावले होते आणि बियांच्या जागी आता माणसं वाळत होती. नदीपलीकडच्या मळ्यांतून होड्या भरभरून लोक आले होते. केळ्याचे तळलेले काप विकणाऱ्या बायांची चंगळ झाली होती. पाद्रीबुवांच्या प्रवचनाला येताना ज्यांचे गुडघे दुखतात, ते सगळे गुडघे उन्हात ताठ उभे होते.

खळ्याच्या मधोमध भाताच्या पोत्यांचा चौथरा रचून त्यावर प्रोफेसर सातुर्नीनो उभा होता. अंगात काळा कोट, गळ्यात कडं असलेल्या शनीचं पितळी पदक. हा प्रोफेसर कुठल्या कॉलेजात शिकवायचा, हे कुणी विचारलं नव्हतं. आठवड्यापूर्वी तो बोटीतून उतरला तेव्हा त्याच्याबरोबर एक पत्र्याची ट्रंक होती आणि आवाज होता. ट्रंकेचं पुढे बघू. आवाज असा होता की ऐकणाऱ्याला वाटावं, हा आपल्याच कानात बोलतोय.

"सप्टेंबर," तो म्हणाला. "या नावाच्या पोटात कोण बसलंय? सात बसलाय. ऑक्टोबरच्या पोटात आठ. नोव्हेंबरच्या पोटात नऊ, डिसेंबरच्या पोटात दहा. आता सांगा, डिसेंबर कितवा महिना?"

बारावा, असं गर्दी पुटपुटली.

"नाव सांगतं दहावा, कॅलेंडर सांगतं बारावा. मग मधले दोन महिने कुणी खाल्ले?"

हे गावातल्या कुणाच्याच कधी डोक्यात आलं नव्हतं. रोज तोंडात येणारी नावं, आणि त्यांच्या पोटात आकडे बसलेले. लोकांनी बोटं मोजून पाहिली. खरंच की. जी गोष्ट इतकी उघड आणि तरीही आपल्याला दिसली नव्हती, ती सांगणारा माणूस पुढे जे सांगेल तेही खरंच असणार, असं माणसाचं मन धरून चालतं. प्रोफेसरचा सगळा धंदा या एका पायरीवर उभा होता.

पुढची कथा त्याने रंगवून सांगितली. फार पूर्वी रोममध्ये दोन राजे झाले, एक ज्युलिअस आणि एक ऑगस्टस. दोघांनी वर्षाच्या कुंपणात शिरून जुलै आणि ऑगस्ट हे आपल्या नावाचे दोन महिने घुसवले. त्यांच्या घुसखोरीने बाकीचे महिने पुढे ढकलले गेले आणि प्रत्येक माणसाच्या प्रत्येक वर्षातले दोन महिने चोरीला गेले. ते नष्ट झालेले नाहीत, शनिदेवाच्या कोठारात पडून आहेत. शनी म्हणजे काळाचा मालक, शनिवार त्याचा वार, आणि प्रोफेसर सातुर्नीनो, ज्याच्या नावाचा अर्थच शनीचा, शनिवारीच जन्मलेला, त्याचा वंशज. कोठाराची किल्ली त्याच्याकडे आहे. तो फी घेत नाही, फक्त भेट घेतो.

मग त्याने म्हाताऱ्या रोसेन्दोला वर बोलावलं.

खळ्याच्या कडेला, चिंचेच्या सावलीत उभ्या असलेल्या देल्फिनाबाई टाचा उंचावून बघू लागल्या. त्या गावच्या शाळेच्या मास्तरीणबाई, आणि रोसेन्दो त्यांचे वडील. वय ऐंशी, डोक्यावर कापसासारखे पांढरे केस, आणि त्या केसांबद्दल आयुष्यभराचं दुःख. सकाळी ते धक्क्यावर फेरी मारायला जातो म्हणून निघाले होते.

प्रोफेसरने काळ्या बाटलीतलं पाणी त्यांच्या केसांना चोळलं. पाणी स्वच्छ होतं, झऱ्यासारखं. ते पाणी, प्रोफेसर म्हणाला, अंधारात ठेवावं लागतं, घामेजल्या हाताने त्याला शिवायचं नाही, आणि नदीच्या पाण्यात ते कधीही मिसळायचं नाही. मग त्याने म्हाताऱ्याला उन्हात बसवलं आणि सूर्याला साक्षी ठेवून महिने मोजायला सुरुवात केली. ऐंशी वर्षांचे एकशे साठ महिने होतात, म्हणजे तेरा वर्षांच्या वर. तो सावकाश मोजत होता आणि लोक त्याच्यामागे म्हणत होते. मोजणी अर्ध्यावर आली तेव्हा पुढच्या रांगेतली एक बाई गुडघ्यांवर बसली. रोसेन्दोंच्या कानामागचे केस तपकिरी झाले होते. मोजणी संपेपर्यंत म्हाताऱ्याचं डोकं काळंभोर होतं.

खळ्यावर रडणं सुरू झालं. रोसेन्दोंना आरसा देण्यात आला. त्यांनी आरशात पाहिलं, मिशीला हात लावला आणि मिशी विसरलात, अशी प्रोफेसरकडे तक्रार केली.

त्या दिवसापासून गावाची रीत बदलली. लोक वय सांगताना वजाबाकी करू लागले. साठीचा सावकार आपण पन्नाशीचा असल्याचं सांगू लागला आणि त्याची बायको, जी आधीच चार वर्षं कमी सांगायची, ती हिशेब चुकून मुलीपेक्षा लहान निघाली. हाल झाले ते आउगुस्तो न्हाव्याचे. आमच्या भाषेत माणसाचं हे नाव आणि ऑगस्ट महिन्याचं नाव जवळजवळ एकच. लोक त्याच्या दुकानावरून जाताना खाली थुंकू लागले. एका म्हातारीने त्याला रस्त्यात अडवून आपले महिने परत मागितले. हूलिओ नावाच्या नावाड्याने, म्हणजे आमच्याकडच्या जुलैने, धूर्तपणे सांगून टाकलं की त्याचं खरं नाव पेत्रोनिओ आहे.

देल्फिनाबाई घरी हसत असत. त्यांना वाटत होतं, एक-दोन आठवड्यांत प्रोफेसर कोंबड्या आणि कोको घेऊन पुढच्या गावी जाईल आणि गाव आपलं पूर्ववत म्हातारं होईल. वडील दिवसातून दहा वेळा आरसा बघतात, बघू देत.

मग शुक्रवारी त्या सोईलाकडे गेल्या आणि त्यांचं हसणं थांबलं.

सोईला नदीकाठी बांबूच्या खांबांवरच्या घरात राहायची. कपडे धुऊन पोट भरायची. नवरा गेलेला, मुलगी ओतिलिया एकुलती एक, वीस वर्षांची, देल्फिनाबाईंच्या शाळेत शिकलेली. ओतिलियाला पावसाळ्यापासून खोकला होता आणि आता थुंकीत रक्त पडत होतं. ग्वायाकील शहरातल्या क्षयरोगाच्या इस्पितळात एक खाट मिळावी म्हणून बाईंनी कितीतरी चकरा मारल्या होत्या, तेव्हा कुठे निरोप आला होता की खाट आहे, पण मुलगी बुधवार दुपारपर्यंत हजर हवी, नाहीतर पुढच्याला जाईल. शहराकडे जाणारी लाँच आठवड्यातून दोनदाच सुटायची, शुक्रवारी आणि मंगळवारी.

शुक्रवारची लाँच सकाळीच गेली होती. सोईला पायऱ्यांवर बसून दुसऱ्यांची चादर पिळत होती.

देल्फिनाबाईंनी विचारलं, का नाही गेलात. सोईलाने मान वर न करता सांगितलं की गरज उरली नाही. प्रोफेसरने ओतिलियाला तपासलं होतं. वीस वर्षांचे चाळीस महिने तिच्या नावावर जमा आहेत, म्हणजे तीन वर्षांहून जास्त. ते तिला आतून द्यायचे, पाणी प्यायला देऊन. शहरातल्या सुया त्या महिन्यांना मारतात, म्हणून इस्पितळात जायचं नाही. सोईलाने त्याला आपल्या कानातली सोन्याची फुलं भेट दिली होती.

"ती बरी दिसते का तुला?" देल्फिनाबाईंनी विचारलं.

"महिने यायला वेळ लागतो, बाई. चाळीस आहेत."

"सोईला, मंगळवारची बोट शेवटची आहे."

आता सोईलाने मान वर केली. "आणि मंगळवारी म्हणून तर मुळीच नाही. मंगळवारी लग्न करू नये, बोटीत बसू नये, हे माझी आईसुद्धा सांगायची. प्रोफेसरने कारण सांगितलं, एवढंच. मंगळ म्हणजे लढाईचा, रक्ताचा देव. माझ्या पोरीच्या तोंडून रक्त पडतंय, आणि मी तिला रक्ताच्या वारी पाण्यावर घालू?"

घरात ओतिलिया खोकत होती. बाई आत गेल्या तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती आणि उशाला पाण्याचा पेला होता. पाणी गोड लागतं, ती म्हणाली. ती आणखीही काही बोलली असती, पण खोकला थांबेना. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. हाताला बरगड्या लागत होत्या आणि आत काहीतरी फाटक्या भात्यासारखं घरघरत होतं. बाहेर पडताना त्यांनी सोईलाला रागाने काही बोलायचं ठरवलं होतं, पण सोईलाचे उघडे, रिकामे कान पाहिले आणि त्या तशाच पायऱ्या उतरल्या.

त्या रात्रीच्या जेवणाला रोसेन्दो हॅट घालून बसले. घरात हॅट कशाला, म्हणून देल्फिनाबाईंनी ती काढायला लावली, आणि मग त्यांनी दिवा जवळ आणला. वडिलांच्या कपाळावर, जिथे पाण्याचे ओघळ आले होते, तिथे काळपट रेघा होत्या. कानाच्या पाळीवर डाग होता. गेले तीन दिवस ते साबणाने घासत होते आणि डाग जात नव्हते, म्हणून हॅट. आणखी एक गोष्ट त्यांनी बिचकत सांगितली. पुन्हा पाणी लावावं म्हणून त्यांनी प्रोफेसरकडून एक लहान बाटली आणली होती, परवा मळभ होतं तेव्हा मिशीला लावली, आणि मिशी दिवसभर पांढरीच राहिली. काल उन्हात अंगणात बसले, तर झाली.

"म्हणजे शनी ढगांतून बघू शकत नाही?" देल्फिनाबाईंनी विचारलं.

रोसेन्दोंनी यावर विचार केला आणि कोंबडीचा रस्सा आणखी वाढून घेतला.

सकाळी बाई बाटली घेऊन दवाखान्यात बेनीता नर्सकडे गेल्या. बेनीता ही त्यांची लहानपणची मैत्रीण, जाड, सावकाश बोलणारी, गावातल्या दोन पिढ्यांना या जगात आणणारी. तिने बाटलीतलं पाणी पेल्यात ओतलं, वास घेतला. मग मिठाची चिमूट आणून पेल्यात टाकली. स्वच्छ पाणी नासल्या दुधासारखं पांढरं झालं. म्हणूनच, ती म्हणाली, त्याला घामेजलेले हात आणि नदीचं पाणी चालत नाही, घामात मीठ असतं, भरतीला नदीतही चढतं, आणि त्याचं बिंग फुटतं.

तिने फडताळातून काळ्या काचेची बरणी काढून टेबलावर ठेवली. आत चामखीळ जाळायचे पांढरे खडे होते. चांदी तेजाबात विरघळवून करतात. तीच चांदी पाण्यात पातळ करून नवीन जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांत बेनीता थेंब थेंब घालायची, आणि तिच्या स्वतःच्या बोटांवर तसेच काळे डाग होते. ऊन लागलं की ते काळं पडतं, केस असो, कातडी असो, कापूस असो. जुन्या औषधवाल्यांनी या खड्याला एक नाव दिलं होतं.

"काय म्हणतात ठाऊक आहे?" बेनीता म्हणाली. "नरकाचा खडा. तो माणूस स्वर्गातले महिने नरकाच्या खड्यात घोळून विकतोय."

ओतिलियाच्या पेल्यातल्या पाण्यात बाईंनी रुमालाचा कोपरा भिजवून आणला होता. बेनीताने तो कोपरा चाटून पाहिला. साखर, ती म्हणाली, नुसती साखर. आजाऱ्याला विष देऊन फसण्याइतका तो मूर्ख नाही.

रविवारी प्रार्थना संपल्यावर लोक सवयीने खळ्यावर जमले. प्रोफेसर पोत्यांवर चढायच्या बेतात असताना देल्फिनाबाई काखेत एक पांढरी कोंबडी घेऊन पुढे आल्या. मागे बेनीता होती आणि तिच्या मागे, हॅट डोळ्यांवर ओढून, रोसेन्दो.

बाईंनी नम्रपणे सांगितलं की ही कोंबडी म्हातारी झाली आहे, अंडी देत नाही, आणि त्यांना तिचे चोरीला गेलेले महिने परत हवे आहेत. गर्दीत कुणीतरी हसलं. प्रोफेसर म्हणाला, पशुपक्ष्यांना कॅलेंडर नसतं, त्यामुळे त्यांचे महिने चोरीला जात नाहीत.

"मग तिच्यावर पाण्याचा काहीच परिणाम होऊ नये," बाई म्हणाल्या. "बघू या."

आता नाही म्हणायची सोय नव्हती. रोसेन्दोंच्या बाटलीतलं पाणी बाईंनी कोंबडीच्या दोन्ही पंखांवर नीट चोळलं, मग डाव्या अंगावर जाड काळं फडकं गुंडाळून बांधलं आणि कोंबडीला पोत्यांवर, भर उन्हात ठेवून पायाला दोरी लावली. कोंबडीने एकदा प्रोफेसरकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

"तोवर," बाई म्हणाल्या, "प्रोफेसरांचा हिशेब तपासू. ते म्हणतात, जुलै आणि ऑगस्ट घुसखोर आहेत. शाळा आपली कधी सुरू होते?"

मे महिन्यात, लोक म्हणाले. हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"म्हणजे जून शाळेचा कितवा महिना?"

दुसरा.

"कॅलेंडरात तो सहावा. मग शाळेने मध्ये चार महिने चोरले का?"

लोक विचार करू लागले होते, आणि बाईंना शिकवायची सवय होती, कधी थांबायचं ते कळत होतं. त्यांनी थोडं थांबून सांगितलं की ज्या लोकांनी ही नावं ठेवली त्यांचं वर्ष जानेवारीत सुरूच होत नव्हतं. त्यांचं वर्ष मार्चमध्ये सुरू व्हायचं, थंडी सरून शेतं आणि लढाया सुरू व्हायच्या तेव्हा. म्हणूनच मार्चला त्या लढाईच्या देवाचं, मंगळाचं नाव. आता मार्चपासून मोजा.

खळ्यावरचे सगळे हात वर आले. मार्च, एप्रिल, मे, जून. जुलैला अंगठा मुडपला, पाच. ऑगस्ट, सहा. सप्टेंबर, सात. कुठेतरी कुणीतरी "अरेच्चा" म्हणालं. ऑक्टोबर, आठ. नोव्हेंबर, नऊ. डिसेंबरला दोन्ही हातांची सगळी बोटं मिटली आणि लोक आपल्याच मुठींकडे बघत राहिले.

"जानेवारी आणि फेब्रुवारी नंतर जोडले," बाई म्हणाल्या, "आणि पुढे कधीतरी वर्षाची सुरुवातच जानेवारीवर आणून ठेवली. नावं बदलायचा मात्र सगळ्यांनी कंटाळा केला. कोणाचा एक दिवससुद्धा गेला नाही. फक्त मोजायची सुरुवात सरकली."

प्रोफेसर तोवर सावरला होता. त्याने आवाज चढवला. मग ते दोन राजे? जुलैला ज्युलिअसचं नाव आहे, हे बाई नाकारतात काय?

बाईंनी नाकारलं नाही. तो महिना आधीही होताच, त्या म्हणाल्या, त्याचं नाव होतं पाचवा, आणि ऑगस्टचं नाव होतं सहावा. फक्त त्या राजांच्या नावाची नवी पाटी लागली. मग त्यांनी धक्क्याकडे बोट केलं. गेल्या निवडणुकीपर्यंत त्या धक्क्याला कुणाचं नाव होतं, त्याच्या आधी कुणाचं? तीनदा पाटी बदलली. धक्का हलला का? नदी पुढे सरकली का?

या वेळी हसू मोठं होतं. गर्दीच्या मागून आउगुस्तो न्हावी पुढे सरकला आणि त्या दुपारनंतर पहिल्यांदाच लोकांच्या मधोमध उभा राहिला.

"आणखी एक," बाई म्हणाल्या. "तुम्ही शनीचे वंशज, शनिवारी जन्मलेले, वार तुमच्या पूर्वजाचा. आपण शनिवारला साबादो म्हणतो. त्या शब्दात शनी कुठे आहे?"

प्रोफेसरने गळ्यातलं पदक मुठीत झाकलं. साबादो म्हणजे विश्रांतीचा दिवस, तो शब्द यहुदी लोकांकडून आला, हे पाद्रीबुवांना ठाऊक होतं, आणि इतके दिवस भेटीतला वाटा मिळेल या आशेने गप्प राहिलेल्या पाद्रीबुवांनी ते आता मोठ्या आवाजात सांगून टाकलं. सोमवारात चंद्र आहे, मंगळवारात मंगळ आहे. नेमक्या याच्याच वारात याचा पूर्वज नाही.

मग बेनीताने कोंबडीच्या अंगावरचं फडकं सोडलं.

उजवं अंग काळं ठिक्कर, डावं अंग पांढरं शुभ्र. कोंबडी उठून उभी राहिली, अंग झटकलं आणि दोन रंगांत दोरीभोवती चालू लागली.

"उजवीकडून पिल्लू झाली आणि डावीकडून म्हातारीच राहिली," आउगुस्तो न्हावी म्हणाला.

खळं हसून हसून वाकलं. बेनीताने मिठाची चिमूट टाकून पाणी नासवून दाखवलं, आपली काळी बोटं दाखवली, खड्याचं नाव सांगितलं. शेवटी रोसेन्दोंनी, कुणी न सांगता, हॅट काढली आणि कपाळावरचे डाग दाखवले. त्यांच्या वयात हे सोपं नव्हतं. प्रोफेसर पोत्यांवरून उतरून ट्रंकेकडे निघाला तेव्हा गावातल्या तरण्या पोरांनी ट्रंक आधीच उचलून धरली होती. ती उघडली. आत काळ्या बाटल्या, साखरेची पिशवी आणि लोकांच्या भेटी होत्या. सोईलाची सोन्याची फुलं देल्फिनाबाईंनी स्वतः शोधून काढली.

सोईला हसत नव्हती. ती गर्दीच्या कडेला उभी होती आणि लोक पांगायला लागल्यावर बाईंसमोर आली. तिच्या चेहऱ्यावर राग होता, आणि तो प्रोफेसरवरचा नव्हता.

"तुम्ही सगळ्यांना हसवलंत," ती म्हणाली. "केसांचं खोटं होतं, मान्य. नावांचंही मान्य. मग माझ्या पोरीचे चाळीस महिने? ते कुणाकडे मागू?"

देल्फिनाबाईंच्या मनात किती तरी उत्तरं आली. त्यांतलं एकही समोर उभ्या असलेल्या बाईला पुरणार नव्हतं.

"कुणी चोरले नाहीत, सोईला. म्हणून कुणी परत देणार नाही," त्या म्हणाल्या. "मागचं काही शिल्लक नसतं. पुढचे मिळतील की नाही, तेही मी छातीठोक सांगत नाही. क्षयावर नव्या औषधाची सुई निघाली आहे, ती पुष्कळांना लागू पडते, पुष्कळांना नाही. पण ती तिकडे आहे आणि ओतिलिया इकडे."

"मंगळवार आहे."

"लॅटिन बोलणाऱ्या लोकांनी ठेवलेलं नाव आहे ते. ज्यांनी ठेवलं त्यांचीसुद्धा जहाजं मंगळवारी सुटायची. नदीला वार कळत नाहीत, आणि रोगालाही नाही. रोग सोमवारीही पसरतो."

सोईलाने फुलं हातात घेतली, पण कानात घातली नाहीत. ती घराकडे गेली. येईल की नाही, हे बाईंना कळलं नाही.

मंगळवारी लाँचने भोंगा दिला तेव्हा धक्क्यावर देल्फिनाबाई आणि बेनीता दोघीच उभ्या होत्या. शाळा बंद ठेवली होती. कोकोची पोती चढली, कोंबड्यांच्या टोपल्या चढल्या. मग गल्लीच्या टोकाला सोईला दिसली. तिने ओतिलियाला पाठुंगळीला घेतलं होतं, लहान मुलीला घेतात तसं, आणि ती भराभर चालत होती, जणू कुणी अडवायच्या आत पोचायचं होतं. फळीवर पाय ठेवताना तिने क्रूसाची खूण केली आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटली. बाईंनी तिला टोकलं नाही. त्यांनी ओतिलियाचं गाठोडं वर दिलं. ओतिलियाने खाली बघून विचारलं की बाई, नाव तर मंगळाचं, मग आपण आज लढायलाच निघालोय असं धरलं तर चालेल का. चालेल, बाई म्हणाल्या.

ओतिलियाला इस्पितळात वर्षाहून जास्त राहावं लागलं. दोनदा तिच्या जगण्याची आशा सुटली होती. परत आली तेव्हा एक फुप्फुस जवळजवळ निकामी होतं आणि जिना चढताना ती मध्ये बसायची. पण ती आली, आणि पुढे बरीच वर्षं त्याच शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवत होती.

प्रोफेसर सातुर्नीनोला लोकांनी रिकाम्या ट्रंकेसकट एका होडीत बसवून दिलं. तो सुधारला असेल असं कुणी समजू नये. पुढच्या पावसाळ्यात नदीच्या वरच्या अंगाच्या एका गावातून बातमी आली की तिकडे एक डॉक्टर आलाय, तो वर्षातल्या जादा दिवसांचं तेल विकतो. आमच्या गावातही सगळे शहाणे झाले नाहीत. सावकाराची बायको शेवटपर्यंत सांगत राहिली की पाणी खरं होतं, कोंबडीने विटाळलं. रोसेन्दोंच्या केसांची मुळं पांढरी येऊ लागली तेव्हा आउगुस्तोने फुकट हजामत करून दिली, आणि मुंडण केलेलं डोकं घेऊन म्हातारा आठवडाभर घराबाहेर पडला नाही.

गाव फसलं ते मूर्ख होतं म्हणून नाही. फसलं कारण त्या माणसाने सुरुवात खऱ्या गोष्टीने केली होती. डिसेंबरच्या पोटात दहा आहे, हे खरंच आहे. आश्चर्य वाटलं, तेही योग्यच होतं. चुकलं एवढंच की आश्चर्य वाटल्यावर कुणी "असं का?" म्हणून विचारायला गेलं नाही, आणि जो आयतं उत्तर घेऊन उभा होता त्याच्यासमोर गुडघे टेकले. महिन्यांची नावं माणसांनी ठेवली, वारांचीही माणसांनीच, कधी देवांच्या भीतीने, कधी राजांच्या लाडाने, कधी नुसत्या आळसाने. त्यांच्यात कुणाचं आयुष्य लपवून ठेवलेलं नाही. कुणी तुम्हाला एखादं नवल दाखवलं तर जरूर बघा, डोळे मोठे करून बघा. पण खिशात हात घालायच्या आधी बोटं मोजा, आणि कुठल्या बोटापासून मोजायला लागायचं, ते दाखवणाऱ्याला ठरवू देऊ नका.